वीतभर वायर

कचरूभाऊंचा फोन, सकाळी सातला:
"ताई, मीटर म्हणतो बॅटरी शून्य,
आन् लाईट तर जळून ऱ्हायला लख्ख.
आता खरं कोणाचं धरू?"

सावरगावच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यात
बोट चिखलात नाक खुपसून उभी होती.
छपरावर दोन पॅनल,
एकावर पाणकावळ्याने केलेली
पांढरी, लांब सही.

मी फळी उचलली.
खाली डिझेलचा जुना वास, ओला दोर,
आणि मागच्या मंगळवारचं माझंच काम:
लाल वायरी सरळ, काळ्या सरळ,
प्रत्येक लगला हीटश्रिंक,
फोटो काढून ठेवावा इतकं नीट.

शंट म्हणजे पितळेचा ठोकळा, बोटाएवढा.
बॅटरीच्या निगेटिव्हला उंबऱ्यासारखा बसतो.
जाणारं त्याच्यावरून गेलं पाहिजे,
येणारंही त्याच्यावरूनच.
मग तो मोजतो. बाकी काही करत नाही.

पंप त्याच्यावरून जात होता.
दिवे, हॉर्न, कचरूभाऊंचा मोबाईल, रेडिओ,
सगळे उंबरा ओलांडून.
फक्त सोलरची काळी वायर
आडवाटेने थेट बॅटरीवर.

आठवलं.
वायर वीतभर कमी पडली होती.
साडेपाच झाले होते, सातपूरचं दुकान बंद व्हायचं होतं,
मी म्हटलं होतं, तात्पुरती लावते.

म्हणजे आठ दिवस
ऊन येत होतं आणि मीटरला पत्ता नव्हता.
त्याने फक्त खर्च लिहिला,
उणे तीन, उणे पाच, उणे तीन,
खोटा एकही आकडा नाही
आणि हिशोब सगळा चूक.

मी काही बोलले नाही.
पॅनलवर गोणपाट टाकलं, फ्यूज काढला,
तेरा नंबरच्या पान्याने नट सैल केला.
नवी वायर कापली, या वेळी हातभर जास्त.

"चूक कोणाची व्हती?" कचरूभाऊ.
"माझी."
"बरं," म्हणाले, आणि बोटीतलं पाणी डब्याने उपसत राहिले.

गोणपाट काढलं.
काट्याबिट्याचा मीटर नाही हा, नुसते आकडे;
तरी थरथरल्यासारखे वाटले.
अधिक चार पूर्णांक सहा.
कचरूभाऊंनी पाणकावळ्याची सही धोतराच्या सोग्याने पुसली.
पाच पूर्णांक एक.

"आता शंभर कव्हा दाखवल?"
"आधी खरंच भरू द्या.
भरली की आपण त्याला सांगायचं, ही शंभर.
त्याला मागचं काही माहीत नसतं."

निघताना त्यांनी स्कूटरच्या हुकाला
पिशवी अडकवली. आत मरळ, अजून हलणारी.
पैसे मी घेणार नव्हतेच, चूक माझी,
मासळीलाही नको म्हणायला तोंड उघडलं,

आणि मिटलं.

घरी वहीत तारीख टाकली.
पेट्रोल ऐंशी. वायर एकशे वीस. लग दोन.
पान उजवीकडे कोरं. नेहमीच असतं.
मरळ कुठे लिहायची ते कळेना,
पेन बराच वेळ तिथे धरून बसले.