एकवीस अंश नऊ कला

लकडगंजात, आरा मशिनीच्या समोर
वैरागडे डॉक्टरांचा दवाखाना होता.
दिवसभर सागवानाचा भुसा उडायचा,
पेशंट खोकायचे,
आणि डॉक्टर खिडकी उघडीच ठेवायचे.
"डेकचा वास आहे हा," म्हणायचे,
"ओलं लाकूड नि डिझेल. मीठ तेवढं कमी."

माझे वडील त्यांचे कंपाउंडर.
कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवायचे,
एक खाच, एक डोस.
मागच्या कपाटात प्रत्येक फळीपुढे आडवी दांडी,
बाटल्या घसरू नयेत म्हणून.
नागपुरात!
जिथे उन्हाळ्यात पानसुद्धा हलत नाही.
"राहू दे दांडी, भाऊराव," म्हणायचे,
"हाताला सवय आहे."

अकरा वर्षं जहाजावर होते,
त्यातलं बोलले असतील अकरा वाक्यं.
मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर,
दुपारी कूलरच्या खडखडाटाला डोकं लावून
निवांत झोपायचे.
वीज गेली की मात्र ताडकन उठून बसायचे:
"काय झालं? थांबलो का आपण?"

हमाल फी म्हणून भुशाचं पोतं आणून टाकत,
बाईंची शेगडी त्यावर वर्षभर चाले.
ताप असला तर दवाखान्यातूनच गोळी.
पण कुणी पोट दुखतं म्हणालं
की रात्री साडेदहाला सायकलची घंटी,
आणि पुन्हा पहाटे.
मी सहा वर्षांचा, नुसती कच्ची बोरं खाल्लेली.
दोनदा आले.
उजवीकडे, खाली, बोटं रोवून दाबलं,
सोडलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
आई म्हणाली, "काहून एवढा त्रास घेता, डॉक्टरसाहेब?"
ते चपला शोधत होते.

ते गेले. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.
कपाट आमच्याकडे आलं, आई त्यात डाळी ठेवते,
दांडी आहे तशीच.
आणि रजिस्टरं, कुणालाच नको होती ती.
प्रत्येक पानाच्या माथ्यावर, तारखेखाली:
उत्तर २१ अंश ९ कला, पूर्व ७९ अंश ५ कला.
वारा. आकाश.
मग पेशंट. हगवण, गोवर, डोळ्यात कुसळ,
आरीत गेलेली दोन बोटं, नाव गणपत, वय एकोणीस.
तेहेतीस वर्षं रोज तेच आकडे.

फक्त सात सप्टेंबरला,
दर साली,
उत्तर १३, पूर्व ५८.
खाली पेशंट नेहमीसारखेच. कुणाला खरूज, कुणाला पडसं.

पोराच्या शाळेच्या नकाशात बोट ठेवून बघितलं.
निळं. जवळ बेट नाही, गाव नाही.
वडिलांना विचारलं तर
ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.
"एक पोरगा होता म्हणे. हर्णैकडचा. कासम.
इंजिनाला तेल द्यायचा.
पोट दुखतं म्हणाला.
साहेबांनी सोडा दिला आणि झोप म्हणाले."

एवढंच. बाकी मला
माझ्या पोटावरची बोटं आठवली.

शेवटच्या आजारात त्यांनी वडिलांना सांगून ठेवलं होतं,
रामटेकला नको, कन्हानमध्ये सोडा.
कन्हान वैनगंगेत, वैनगंगा प्राणहितेत,
मग गोदावरी, मग समुद्र.
वडील सातवी पास, समुद्र न पाहिलेले,
पण भूगोल पक्का. म्हणाले,
"साहेब, तो समुद्र पूर्वेचा. तुमचा तर पश्चिमेला."
"माहीत आहे रे," डॉक्टर म्हणाले,
"वळसा घालीन."

एप्रिल होता. पुलाखाली पाणी
पोटरीला लागेल न लागेल एवढं.
मडकं रिकामं झालं, लोक चहाला गेले.
वडील पँट दुमडून तिथेच उभे,
राख हलते का ते बघत,
आणि जिथे अडली होती तिथे
हातानं वाळू उकरून
थोडी वाट करून देत.