तीस अंश

मुलीने त्याचं नाव सरंगा ठेवलं.
आहे गोल्डफिश, बोटभर,
सावंतवाडीच्या बाजारातून पिशवीत गाठ मारून आणलेला.
आता बांगडा तळताना
शालन मधलं दार लोटून घेते.

मुलगी कोल्हापुरात नर्सिंग शिकते.
टाकी माझ्याकडे.

मंगळवारी त्याच्या शेपटीवर मीठ दिसलं.
भुरभुरल्यासारखं, रव्याएवढं.
पंख मिटून तो दगडाला अंग घासत होता,
गुरं फणसाच्या बुंध्याला घासतात तसा.

फोनवर ती म्हणाली, मीठ कसलं बाबा, जीव आहेत ते.
औषध विचारलं तर म्हणाली, मीठ.

खडे मीठ, शिरोड्याच्या आगरातलं.
दहा लिटरला एक चमचा, विरघळवून, एकदम नको.
विहीर मे महिन्यात मचूळ, ते पाणी नको,
नळाचं घ्या, रात्रभर उघडं ठेवून.
आणि पाणी तीस अंशांवर न्या,
हळू, दिवसाला एकेक पायरी.

तीस!
मी सव्वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात.
तीस अंश म्हणजे मासा वाया, एवढंच मला ठाऊक.
डोळा ढगाळला की भाव निम्मा.
कल्ला उचलायचा, लाली बघायची, टोपली पुढे ढकलायची.
या माशाचे कल्ले
मी मनगटावरच्या घड्याळावर मोजतो,
मिनिटाला किती वेळा उघडतात,
आकडा विसरतो,
पुन्हा पहिल्यापासून.

शेजारचा फोंडू वाकून बघून गेला.
"माशाक डॉक्टर? आमका तरी खंय मिळता?"
मी हसलो.
त्याच्या आईला गेल्या श्रावणात
रात्रीच्या रात्री बांबोळीला न्यावं लागलं होतं.

गुरुवारी ठिपके गेले. अंग लख्ख.
पेढे वाटायच्या आवाजात मी फोन लावला.
ती म्हणाली, आता तर सुरुवात आहे.
अंगावर असतात तोवर त्यांना काही होत नाही,
कातडीखाली घर करून बसतात.
मग गळून तळाच्या वाळूत पडतात,
एकाचे शंभर होतात,
आणि ते शंभर मासा शोधत पोहत निघतात
तेवढ्यात काय ते मीठ लागतं त्यांना.
अजून दहा दिवस, बाबा.
बरा दिसतो म्हणून थांबायचं नाही.

हा आवाज तिने कुठून आणला?
परवापर्यंत इंजेक्शन म्हटलं की
माजघरात लपायची.

शुक्रवारी रात्री लाइट गेली.
ना वारा, ना पाऊस, नुसतीच गेली.
पंप गप्प झाला.
गरम पाण्यात हवा कमी, हेही तिने सांगितलेलं;
सरंगा वर येऊन तोंड उघडमीट करू लागला.
मी तांब्याने पाणी उचलून वरून सोडत राहिलो,
तासभर,
शालन कंदील धरून म्हणाली,
शंकराला तरी एवढा अभिषेक केलात का कधी?

वेंगुर्ल्याच्या बंदरावर एकाच ठिकाणी उजेड होता.
बादली स्कूटरवर पायांच्या मध्ये,
झाकणाला भोकं,
प्रत्येक खड्ड्याला मी आधी सॉरी म्हटलं.

जनरेटरच्या खोलीत माणूस उकडतो.
तिथे बादली ठेवली, पंप जोडला.
भिंतीपलीकडे लाद्या सुटत होत्या.
बंदीला आठवडा उरलेला, सगळ्या ट्रॉलरना घाई,
सुरमई, बांगडा, आणि एक टोपली
खरोखरच्या सरंग्यांची,
डोळे स्वच्छ, पहिल्या भावाचे.
मी त्यांच्यावर बर्फ ओढला,
हात लुंगीला पुसले, बराच वेळ पुसले,
ते गार बोट त्याच्या पाण्याला लागू नये म्हणून.

एक खलाशी दारातून डोकावला.
"ह्यो खंयच्या बोटीचो?"
"घरचो," मी म्हणालो.
तो थोडा वेळ उकिडवा बसून बघत राहिला
आणि विडी न पेटवता निघून गेला.

पहाटे चार. पाणी एकोणतीस.
कल्ले मिनिटाला अठ्ठ्याऐंशी, कदाचित नव्वद.
दुसरा कागद नव्हता,
म्हणून कारखान्याच्या वहीत
लाद्यांच्या हिशेबाखाली लिहून ठेवलं.