एकशे बारा, एकेचाळीस

हडर्सफील्डला रात्री बाराला शटर वर केलं
तेव्हा रांग बेकरीच्याही पुढे गेली होती.
डावीकडे रुंद पडद्याचं, काळं, आरशासारखं;
उजवीकडे घडी होणारं, दोन पडद्यांचं, निम्म्या किमतीचं.
ग्रॅहमनं फळ्यावर दोन रकाने आखले
आणि मतमोजणी असल्यासारखा खडू माझ्या हाती दिला.

पहाटे तीनला काळं एकशे बारा.
घडीचं चाळीस, मग विनिफ्रेडबाई आल्या,
लोकरीच्या गिरणीत उभा जन्म गेलेल्या.
त्यांनी ते चारदा उघडलं, चारदा मिटलं,
कानाशी नेऊन.
"ह्यांच्या चष्म्याची डबी अशीच वाजायची."
पडद्याकडे पाहिलंच नाही.

सोमवारी लंडनहून ईमेल: आपण जिंकलो.
आपण म्हणजे कोण, ग्रॅहमलाही सांगता येईना.

आता दोन्ही जुन्या मालाच्या कपाटात, खेटून,
भावाची चिठ्ठी सारखीच.
परवा एक पुसायला घेतलं, बिजागरी खिळखिळी.
चालू केलं तर कुणाचा तरी खेळ अर्ध्यावर:
विनी, पातळी एकोणीस,
दोनशे सहा तास.

सगळं खोडून विकायचं, असा नियम आहे.
मी काच पुसली,
मिटवून कानाशी नेलं.