पाच सत्तेचाळीसची सुकती

अमावस्येनंतरची द्वितीया.
समुद्र आज लांब गेलाय,
इतका, की निवतीच्या वाळूला
आपण उघड्या पडलोय हे अजून कळलेलं नाही.

आम्ही चौघं. बॅटऱ्या तीन,
कारण शिरसाट डॉक्टर दर खेपेला सेल विसरतात
आणि माझ्या उजेडात चालतात.

त्यांना अख्खे हवेत. कड मोडलेली नाही, टोक झिजलेलं नाही.
दिवसभर कुडाळात किडलेले दात बघणाऱ्या माणसाची
ही हौस मी समजू शकते.
रेमेदला जोड्या लागतात,
दोन्ही पाकळ्या बिजागरीला धरून असलेल्या;
सुटी शिंपली ती न वाकता चपलेने बाजूला सारते.
धाकू मेतर पोस्टातून निवृत्त झाले
तेव्हा एक कोरं रजिस्टर घेऊन घरी आले.
ते काही उचलत नाहीत.
लिहितात: तारीख, वेळ, वारा कुठला, कोणाला काय मिळालं.
'मिळालं नाही' हेसुद्धा लिहितात.

आणि मी
भोक पडलेल्या गोळा करते.
तिसरीच्या पाठीवर, बिजागरीजवळ,
एकच, गोल, आत निमुळतं होत गेलेलं.
वाळूखालून एक गोगलगाय येते,
तिला मिठीत घेते, जिभेने घासत बसते, घासत बसते
आणि आतलं सगळं त्या भोकातून पिऊन टाकते.
डॉक्टरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
एक डोळा मिटून आरपार बघितलं नि म्हणाले,
"ड्रिलिंग सुरेख आहे. मला जमलं नसतं."
घरी माझ्याकडे दोनशे अकरा आहेत.
सगळे खून, एकाच हत्याराचे.
वहिनी म्हणते, दोरा ओवून तोरण करूया.

उजाडताना खडपावरून शेवंतीकाकी उतरली,
कमरेवर टोपली, हातात झिजलेला विळा.
आम्हाला बघून नेहमीचंच हसली:
"तुमी शिंपल्यो व्हरतास, मी मास व्हरतंय.
भांडान नाय."

डॉक्टरांच्या तळव्यावर तेव्हा एक शंख होता,
करंगळीएवढा, आडव्या तपकिरी रेघांचा,
तोंडाची कड आत वळलेली.
पुस्तक निघालं. चष्मे निघाले.
पुस्तकातल्या चित्रावर पावसाळ्यात बुरशी आलेली,
नेमकी शेपटीच्या जागी.
रेमेदचं लॅटिन आणि डॉक्टरांचं लॅटिन
वाऱ्यावर भांडत राहिलं.

काकी वाकली.
"ही? ही सासुरवाशीण."
कशावरून?
"तोंड भायर काडना नाय म्हणान."

नाव तिला सासूने सांगितलेलं.
सासूला कोणी, कोण जाणे.
"मागीलदारी रास आसा, येवा," म्हणाली.

माडाच्या बुंध्याशी
चाळीस वर्षांच्या कालवणांचा ढीग.
आम्ही गुडघ्यांवर.
रेमेद एकदम गप्प झाली:
जोड्या, जोड्या, बिजागरीसकट, शेकड्यांनी.
डॉक्टर बोटाने कडा चाचपत होते, सगळ्या शाबूत.
मला मात्र एकही भोक सापडेना.
कसं सापडेल?
भोकाची तिसरी रिकामी असते,
ती काकी कशाला आणेल घरी.
हे सगळे वेगळ्या हत्याराचे. खूण न ठेवणाऱ्या.

धाकूंनी मांडीवर रजिस्टर घेऊन लिहिलं:
वारा मतलई.
नाव सासुरवाशीण. सांगणारी शेवंती कोचरेकर.
माझ्यापुढे: मिळालं नाही.

निघताना काकीने नको नको म्हणताना
ओंजळभर तिसऱ्या माझ्या पिशवीत ओतल्या.

संध्याकाळी नळाखाली धुताना
एकीच्या पाठीवर बोट अडलं.
गोल, निमुळतं,
पण आरपार न गेलेलं.
कोणीतरी अर्ध्यावर काम सोडून गेलं होतं,
बहुतेक विळा लागला तेव्हा.
आत ती अजून घट्ट मिटलेली.

मी तिला उजेडात धरून बघत राहिले.
मागे गॅसवर पाणी ठेवलेलं होतं.