निघण्याचं वजन

फोनवर लोक विचारतात,
जुहूला कुठकुठली विमानं उतरतात हो?
मी म्हणते, उतरायला काय, पुष्कळ उतरतील.
पूर्वी एखादं थोरलंही उतरलंय म्हणे चुकून,
सांताक्रूझ समजून.
निघणार कसं, ते विचारा.

पट्टी अकराशे मीटर, वर मूठभर.
पश्चिमेला वाळू, मग समुद्र.
पूर्वेला इमारती,
दर दोन वर्षांनी टाचा उंचावून
आमच्या तक्त्यात डोकावणाऱ्या.

सेसना? हो. शिकाऊ पोरं दिवसभर तीच घिरटवतात.
आयलंडर, म्हातारं असलं तरी, हो.
ट्विन ऑटरला पट्टीसुद्धा नको,
मैदान दाखवा, टिटवीसारखी उठेल.
पिलाटसला इंजिन एकच, पण दमाचं.
किंग एअर, वाऱ्याला विचारून.
एटीआर? रिकामं, अर्ध्या टाकीवर,
जानेवारीच्या पहाटे, कागदावर, कदाचित.
मग आणता कशाला?
बोइंगवाल्यांना मी पलीकडचा नंबर देते.
आणि हेलिकॉप्टरचे पायलट
हा सगळा प्रश्न ऐकून चहा पितात.

त्या दिवशी मे महिना, दुपारचे दोन,
पारा छत्तीस, वाऱ्याचा मोजा
खुंटीवरच्या ओल्या पंचासारखा.
उन्हात हवा पातळ होते, पंखाखाली धरवत नाही.
पट्टी तेवढीच असते
आणि तरी आखूडते.
जळगावला लग्नाला निघालेलं पेंढरकर कुटुंब,
नऊ आसनांचं विमान.
मी एकेकाला काट्यावर उभं केलं,
बायकांनी चपला काढल्या, पुरुषांनी पोटं आत घेतली.
बेरीज केली. दोनदा केली.
सदुसष्ट किलो जास्त.

फिरदोस म्हणाला, पेट्रोल कमी करणार नाही.
थोरला पेंढरकर म्हणाला, बस्ता राहणार नाही.
कोपऱ्यात इंदुआत्या, सुनेसाठी आणलेला
पाटा-वरवंटा गोणपाटात बांधून.
दगड सव्वीस. आत्या एक्केचाळीस.
ही बेरीज कोणी मोठ्यानं केली नाही.

माझा बाप मांगेलवाड्यातला.
होडीच्या फळीला पाणी कुठवर लागलं
एवढं बघून म्हणायचा, एक जण उतरा.
कोणी, ते कधी सांगायचा नाही.
मीही नाही सांगितलं.
पेन्सिलीला टोक करत राहिले.

आत्याच म्हणाली, मी राहते, मला ऊन बाधतं.
मग सगळ्यांनी फार आग्रह केला
आणि चटकन चढले.

आम्ही दोघी बाकावर.
विमान पळत पळत लहान झालं, उठलं.
ती म्हणाली, पुढे किती उरलं गं?
म्हटलं, अडीचशे मीटर.
म्हणजे मी मावले असते.
मी समजावलं, ते उरवायचंच असतं,
ऐन वेळी इंजिन रुसलं तर थांबायला.
असं होय, म्हणाली,
आमच्यात ते बायकांकडे असतं.
आणि डब्यातला गुळपापडीचा तुकडा मला दिला.

साडेपाचला समुद्राकडून वारा सुटला,
मोजा फुगला, पट्टी लांबली.
एक चार आसनी रिकामंच निघालं होतं तिकडे,
सकाळच्या कुणा गिऱ्हाइकासाठी.
फोन मी केला. सही माझी.
दोघा लोडरांनी पाटा उचलून मध्यावर बांधला,
आत्या पुढे, पायलटशेजारी, पदर खोचून.
मी लिहिलं: प्रवासी एक, दगड एक.

अर्धी पट्टीसुद्धा लागली नाही.