जरा वाईट

बरबँकच्या सात नंबर स्टुडिओत
अर्धंच स्टेडियम उभं आहे,
उरलेली गर्दी संगणक भरेल.
सिनेमातल्या पॉपस्टारचं नवं विरहगीत
स्वतःच्याच शाम्पूवर.

मागे कोरसच्या तिघी, चंदेरी झग्यांत.
त्यातली व्हर्नीस साठीची,
एकोणीस वर्षं खऱ्याखुऱ्या स्टारांमागे गायलेली.
कॅसेटवर नाव आलं एकदा,
तेही चुकीचं.

'शाम्पू संपला, तूही गेलीस...'
तिने सूर लावला
आणि लाइटवाल्याचा डोनट
तोंडापाशीच थांबला.
कोणी हसेना.

कट!
दिग्दर्शक टॉलिव्हर कानाशी आला:
"मॅडम, विनोद मरतोय.
जरा वाईट गाल का?"

व्हर्नीसने टाचेचा बूट काढला,
अंगठा चोळला.
"वाईट गायचे पैसे
पुढे उभा असतो त्याला मिळतात, बाळा."

तेव्हा सगळे हसले.
कॅमेरा बंद होता.