ताट्या बदलायला गेलो तेव्हा

त्रिमूर्तीनगर, दुसरा माळा, दुपारचे अडीच.
खाली डांबराला चपला चिकटून राहिल्या होत्या.
कूलर खिडकीतून आत ओढला, जुन्या ताट्या काढल्या:
वर्षभराचा क्षार, वाळून कोळ झालेली पाल,
आणि कोराडीची राख असावी तशी करडी धूळ.

गिऱ्हेपुंजे बाईंचा सारंग
खोलीच्या मधोमध उभा,
डोळ्यांवर पांढरा डबा बांधून
हवेला बुक्क्या मारून राहिला होता.
म्हटलं, वहिनी, याला काही झालं का?
त्या म्हणाल्या, पंचावन्न हजारांचं झालं.

नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं,
पंखा घुर्र करून लागला.
तेव्हा त्यानं डबा कपाळावर सरकवला.
डोळ्यांभोवती लाल वळ, नाकावरून घामाची धार.
"काका, तुम्हीच सांगा, वसूल आहे का?
परत करायला तीन दिवस उरले.
दूधवाला म्हणते ठेव, बाबा म्हणते आत्ताच पाठव,
आत्याला लावून दिलं तर तिला ओकारीच झाली."

पंचावन्न हजार.
साडेचारशेचा एक कूलर धरला, ताट्या माझ्या,
तर एकशे बावीस कूलर,
वर शंभर उरतात तर्री-पोह्याला.
म्हणजे मार्चपासूनचा माझा अख्खा हंगाम
त्याच्या कपाळावर.
हात पँटला पुसले. म्हटलं, बांध बाबा.

पहिले काळोख.
मग बर्फ.
मी बर्फ पाहिला तो सरबताच्या गाडीवरचा,
गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला.
इथं डोंगरच्या डोंगर. खाली दरी.
गुडघे आपोआप वाकले.
"वारा लागते का काका?"
लागत होता.
थंड, ओलसर, नेमका मानेवर,
आणि त्याला वाळ्याचा वास होता.
मनात म्हटलं, सारंगबाबू,
हा वारा तुझ्या डब्यातला नाही,
साडेचारशेतला आहे.

हे बोलायला हात वर केला
अन् बोलायचं राहिलं.
समोर माझे दोन्ही हात, निळसर, काचेचे.
बोटं दहा.
मोजली. परत मोजली.
उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं,
नखापर्यंत अख्खं,
जे तेरा वर्षांमागे
कारखान्यात पंख्याच्या पात्यानं नेलं होतं.
मालकानं त्याचे चार हजार दिले होते,
दवाखान्याचे नऊशे कापून.

वाकवलं.
वाकलं.
(खरं तर खुंट दाबत होता कुठलंसं बटण,
पण तिकडे बोट वाकलं.)
लांबचा एक कडा दाखवला त्यानं, कोणालाच नाही,
उगाच.
मग ओठांवर ठेवलं,
वैभवी लहान असताना तिला निजवताना ठेवायचो तसं.
ओठाला प्लास्टिक लागलं.

"काका, दहा मिनिटं झाली."
काढलं. खोली परत पिवळी झाली.
बाई चारशे घेऊन उभ्या.
वहिनी, साडेचारशे ठरले होते.
"अहो, पाणी तर आमचंच न?"
चारशेच घेतले. भांडायला डोकं जागेवर नव्हतं.

सारंग जिन्यापर्यंत आला.
"सांगा न. ठेवू का?"
म्हटलं, बर्फ चांगला आहे.
वजन जरा जास्त आहे, मान दुखेल.
आणि कूलरची मोटर पुढच्या वर्षी बदला, आवाज करते.
बोटाचं बोललो नाही.
त्याची दहाच्या दहा शाबूत,
त्याच्या हिशेबात ते कुठं बसवणार.

छत्रपती चौकात गाडीचं हँडल तव्यासारखं,
अन् जिथं काहीच नाही तिथं खाज सुटली.
उन्हाळ्यात दुपारचे सिग्नल बंद ठेवतात,
तरी थांबलो.
मागून एक ऑटोवाला ओरडला, काऊन उभा आहे बे?
तीन दिवस आहे अजून त्याच्याजवळ.
विचारून पाहावं का,
तासाचं काय घेशील.